बाहेरचा गडी, घरचा पोऱ्या

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, दौंड, मनमाड करत चाळीसगावात येते आणि पुढे जळगाव, भुसावळ, अकोल्यावरून नागपूरला जाते. गाडी एक, राज्यही एक. पण या रुळांवर क्रिकेटची एक शीव आहे. जळगाव जिल्हा संपून मलकापूर आले की बुलढाणा जिल्हा लागतो आणि तिथला मुलगा विदर्भ क्रिकेट संघटनेचा होतो. अलीकडचा, म्हणजे चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, धुळ्याचा मुलगा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचा. नागपूरच्या विदर्भ संघाने २०१८ ते २०२५ या आठ वर्षांत रणजी करंडक तीनदा जिंकला. पुण्याच्या संघाने तो शेवटचा जिंकला १९४०-४१ साली. चाळीसगावच्या ज्या आजोबांनी तेव्हा शाळेत ती बातमी ऐकली असेल, ते आज नव्वदीच्या पुढे असतील.

या दुष्काळावर संघटनेने एक उपाय केला. २०२५-२६ च्या हंगामासाठी मुंबईहून पृथ्वी शॉ आणि केरळकडून जलज सक्सेना असे दोन नावाजलेले खेळाडू महाराष्ट्राने घेतले. त्याच्या आदल्या हंगामात विदर्भाचा वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानी आला होताच. क्रिकेटच्या भाषेत यांना ‘प्रोफेशनल’ म्हणतात. दुसऱ्या संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन, करार करून आलेले खेळाडू. एका संघाला असे तीन घेता येतात. अकरा जागांपैकी तीन. या तीन जागांचे काय करायचे, हा प्रश्न पुण्यातल्या कार्यालयाचा वाटतो. पण त्याची झळ सर्वांत आधी तालुक्याच्या गावी लागते, म्हणून तो चाळीसगावातून पाहायला हवा.

चाळीसगावच्या पट्ट्यात हा प्रश्न लोकांना ओळखीचा आहे, कारण टेनिस बॉलच्या स्पर्धांत तो दर हिवाळ्यात येतो. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाचा चषक जाहीर होतो, पहिले बक्षीस लाखाच्या घरात जाते, आणि संघाचा मालक मालेगाव, नाशिक किंवा भुसावळकडचा एखादा हिटर दोन दिवसांच्या मानधनावर आणतो. बक्षीस येते, मिरवणूक निघते. वर्षभर सकाळी मैदान झाडून सराव करणारा गल्लीतला मुलगा मात्र त्या दोन दिवसांत पाण्याच्या बाटल्या नेतो. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी ‘तालुक्याबाहेरचे दोनच’ अशी अट घालावी लागते. मुलांचे बाप मैदानाच्या कडेला उभे राहून अहिराणीत जे विचारतात ते साधे असते: आमना पोऱ्याना नंबर कधी लागी?

हाच वाद जगात सर्वांत उघडपणे, सर्वांत जास्त आकडेमोड करून चालतो तो अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये. तिथे प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली कनिष्ठ संघांची उतरंड असते आणि त्यांत अठरा-वीस वर्षांची होतकरू मुले वाढत असतात. जुलै संपत आला की अदलाबदलीची मुदत जवळ येते. विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या संघापुढे तेव्हा पेच पडतो: पुढच्या तीन महिन्यांसाठी एक तयार, अनुभवी खेळाडू घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात आपली दोन-तीन मुले दुसऱ्या संघाला देऊन टाकायची का? १९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने हे केले. छत्तीस वर्षांचा डॉइल अलेक्झांडर घेतला आणि वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. स्मोल्ट्झ डेट्रॉइटच्याच मिशिगन राज्यात वाढलेला मुलगा. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, संघ आपल्या गटात पहिला आला आणि पुढच्या फेरीत मिनेसोटाकडून हरला. स्मोल्ट्झ पुढे दोन दशके गोलंदाजी करत राहिला, अटलांटाला १९९५ चे जगज्जेतेपद मिळवून देणाऱ्यांत होता आणि २०१५ मध्ये खेळाच्या सन्मानदालनात गेला. १९९० मध्ये बॉस्टनने तेच केले. लॅरी अँडरसन नावाच्या प्रौढ गोलंदाजाच्या महिनाभराच्या मदतीसाठी त्यांनी जेफ बॅगवेल सोडला. अँडरसनने जेमतेम बावीस डाव टाकले. ह्यूस्टनला गेलेल्या बॅगवेलने ४४९ होमरन मारले.

या दोन कथा ऐकल्या की निकाल लागल्यासारखा वाटतो. मग २०१६ समोर येते. शिकागो कब्जने एकोणीस वर्षांचा ग्लेबर टोरेस आणि आणखी तिघे देऊन न्यूयॉर्ककडून आरोल्डिस चॅपमन हा तुफानी वेगाचा गोलंदाज घेतला, तोही उरलेल्या हंगामापुरता. हंगाम संपताच चॅपमन परत न्यूयॉर्कला गेला. पण मधल्या काळात कब्जने १०८ वर्षांनी जगज्जेतेपद जिंकले होते. महाराष्ट्राच्या वाट्याला जशी चौऱ्याऐंशी वर्षे आली, तशा वाट पाहणाऱ्या शहराला टोरेसचा हिशेब विचारणे अवघड आहे. विजेतेपदालाही किंमत असते, आणि ती किंमत तरुणांच्या नावाने नाकारणे मला प्रामाणिक वाटत नाही.

पण अमेरिकेतला हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे दिलेला मुलगा दुसऱ्या संघात खेळतो. स्मोल्ट्झ गेला, तो अटलांटाच्या मैदानावर उभा राहिला. नुकसान डेट्रॉइटचे झाले, त्याचे नाही. आपल्याकडे मुलाची अदलाबदल होतच नाही. केरळने सक्सेना दिला म्हणून महाराष्ट्राचा कोणी तरुण केरळात खेळायला गेला नाही. इथे बाहेरचा येतो, घरची एक जागा जाते आणि ज्याची जागा गेली तो कुठेच जात नाही. घरी राहतो. व्यवहाराची दुसरी बाजूच कागदावर येत नाही, म्हणून ती कोणाला दिसत नाही.

ती बाजू समजायची तर वयोगटांची शिडी पाहावी लागते. सोळा वर्षांखालच्यांसाठी विजय मर्चंट करंडक, एकोणीसखाली कूचबिहार करंडक, तेविसाखाली कर्नल सी. के. नायडू करंडक. इथपर्यंत मुलाच्या हाताला काहीतरी असते. तेविसावे वर्ष ओलांडले की एकच दार उरते, वरिष्ठ संघाचे. आणि प्रोफेशनल खेळाडू बसतो तो नेमका याच दारात. पुण्याचा मुलगा त्या दारापाशी आणखी दोन वर्षे थांबू शकतो. क्लब आहेत, टर्फ खेळपट्ट्या आहेत, घर जवळ आहे, निवड समितीच्या नजरेत राहता येते. चाळीसगावचा मुलगा थांबू शकत नाही. त्याने जिल्हा निवडीसाठी जळगाव गाठलेले असते, तिथून पुणे, खोली, खाणावळ, लेदर बॉलच्या सामन्यांचा खर्च. तेविसाव्या वर्षी घरातून विचारणा सुरू होते, आणि ती रास्त असते. कापसाचा भाव काय आहे ते बापाला माहीत असते.

शिवाय ही जागा नुसत्या मानाची नाही. २०२१-२२ पासून वीसपर्यंत सामने खेळलेल्या खेळाडूला रणजीत दिवसाला चाळीस हजार रुपये मिळतात, चाळिसाहून अधिक सामने झालेल्याला साठ हजार. राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. चार दिवसांच्या एका सामन्याचे नवख्याला एक लाख साठ हजार. साखळीत सात सामने असतात. गिरणेच्या आवर्तनावर भिस्त ठेवणाऱ्या घरात एका हंगामाने काय बदलते हे सांगायला नको. मैदानावरच्या त्या एका जागेत घराचे कर्ज, बहिणीचे शिक्षण आणि पुढची पाच वर्षे खेळत राहण्याची मुभा असते.

बाहेरून खेळाडू आणण्याची रीत आजची नाही, आणि तिचा पहिला मोठा चटका महाराष्ट्रालाच बसला. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले. पहिल्या विजयाच्या वेळी देवधर अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध सांगलीच्या विजय हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. ज्या संघाने हा मार खाल्ला त्याच बडोदा संस्थानाने लवकरच हजाऱ्यांना आपल्याकडे नेले, आणि १९४२-४३ मध्ये बडोदा विजेता झाला. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. समोरचा संघ मैदान सोडून गेला म्हणून ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम वाचला. तेही पुढे इंदूरच्या होळकर संघात गेले.

होळकर संघ हा या वादातला सर्वांत बोलका दाखला आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी नागपूरचे सी. के. नायडू आणले, सागरचे चंदू सरवटे आणले, नागपूरचेच हिरालाल गायकवाड आणले. घरचे मुश्ताक अली होतेच. युद्धकाळात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरकडून खेळला आणि नाबाद २४९ करूनही मुंबईकडून हरला. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात होळकरने चार करंडक जिंकले. संस्थाने गेली, १९५५ नंतर संघाचे नावही गेले, आणि त्या भूमीला पुढचा रणजी करंडक मिळायला २०२२ साल उजाडले. मध्य प्रदेशने मुंबईला हरवले तेव्हा अंतिम सामन्यात शतके काढणारे यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार हे तिघेही तिथलेच होते. जवळजवळ सत्तर वर्षांची पोकळी.

तरीही मी होळकरांना दोष द्यायला कचरतो. नायडू आणि सरवटे इंदूरलाच राहिले, तिथेच वारले. सरवट्यांनी तिथे पुढच्या पिढ्यांना शिकवले. त्या अर्थाने ते बाहेरचे राहिलेच नाहीत. दोन दिवसांचा हिटर आणि मुक्काम करणारा गुरू यांना एकाच नावाने ‘बाहेरचा’ म्हणणे चूक आहे, आणि सगळ्या वादाचा गुंता इथेच होतो. चाळीसगावकरांना हे नव्याने सांगायला नको. पाटणादेवीच्या देवळातला शिलालेख भाऊ दाजी लाडांनी १८६५ मध्ये उजेडात आणला, तो एका मठाला दिलेल्या दानाचा आहे: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या मठाला. विद्वान राजाच्या पदरी ठेवणे वेगळे आणि त्याची विद्या शिकवणारे घर उभे करणे वेगळे, हा फरक या तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला आहे.

मुक्काम न करणाऱ्यांचा नमुना राजस्थान. आणि तिथला नायक आपलाच होता. १९९८ मध्ये ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध चौकार मारून सामना जिंकून देणारा पुण्याचा हृषीकेश कानिटकर महाराष्ट्राकडून खेळणे थांबल्यावर राजस्थानात गेला. दिल्लीचा आकाश चोप्राही तिथे आला. २०१०-११ मध्ये खालच्या प्लेट गटातून वर येऊन राजस्थानने रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. त्या पहिल्या मोसमात अठरा वर्षांच्या दीपक चाहरने पदार्पणातच दहा धावांत आठ बळी घेतले आणि हैदराबादचा डाव २१ धावांत आटोपला. अनुभवी फलंदाजी बाहेरची, धारदार गोलंदाजी घरची. जुळणी अप्रतिम होती. कानिटकर, चोप्रा गेले, आणि त्यानंतर राजस्थानच्या नावावर तिसरा करंडक लागलेला नाही. आपला घरचा माणूस दुसऱ्याच्या घरी करंडक जिंकत होता तेव्हा महाराष्ट्र काय करत होता, हेही विचारायला हवे. दोनच वर्षांनी, २०१३-१४ मध्ये, महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला होता. केदार जाधवने त्या हंगामात १२२३ धावा केल्या. कर्नाटकने अंतिम सामना सात गडी राखून जिंकला. कानिटकरचे डोके त्या संघात असते तर, असा विचार त्या वेळी मनात आला होता आणि आजही येतो.

विदर्भाने मात्र क्रम बरोबर लावला. आधी निवासी अकादमी. भारताकडून एकदिवसीय सामने खेळलेला प्रशांत वैद्य त्यामागे होता, आणि गोलंदाजांना घडवायला सुब्रतो बॅनर्जी होता. जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले नागपुरात आली, राहिली, जेवली, शिकली. वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतला उमेश यादव भारताकडून खेळला, तेव्हा अमरावती-यवतमाळच्या मुलांनाही रस्ता दिसला. ही फळी तयार होत आली तेव्हा कर्नाटकचा गणेश सतीश आणि मुंबईचा वसीम जाफर आले, आणि प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. १ जानेवारी २०१८ ला इंदूरच्या होळकर मैदानावरच विदर्भाने दिल्लीला हरवून पहिला करंडक उचलला. विजयी धाव जाफरच्या बॅटमधून आली, पण सामना फिरवणारी हॅटट्रिक गुरबानीची होती आणि शतक अक्षय वाडकरचे. पुढच्या वर्षी चाळिशीच्या जाफरने १०३७ धावा केल्या. अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे अकरा बळी आदित्य सरवटेने घेतले, त्यांत चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत. बाहेरच्यांनी मधली फळी धरून ठेवली आणि त्यांच्या आडोशाने घरची मुले मोठी झाली.

आता महाराष्ट्राकडे वळू. जलज सक्सेना आला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी अशी दुहेरी कामगिरी करणारा तो पहिला खेळाडू. नऊ हंगाम केरळकडून खेळला आणि केरळने त्याला कधी पाहुणा मानले नाही. हा व्यवहार मला पटतो. सक्सेना एकाच वेळी दोन कामे करतो, ऑफस्पिन टाकतो आणि वेळ पडली तर डावाची सुरुवातही करतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला नाशिकचा सत्यजित बच्छाव किंवा त्याच्याहून तरुण कोणी डावखुरी फिरकी टाकत असेल तर सामन्याचे चार दिवस म्हणजे त्याची शिकवणीच. अट एकच: ते दुसरे टोक तरुणाला मिळाले पाहिजे.

पृथ्वी शॉचा प्रश्न वेगळा आहे. आला तेव्हा तो फक्त पंचवीस वर्षांचा होता. रूढ अर्थाने ही तात्पुरती मदत नव्हेच. तो टिकला तर दहा वर्षे खेळेल. गुणवत्तेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण सलामीची जागा ही महाराष्ट्राची उणी बाजू नव्हती. ऋतुराज गायकवाड आहे, सोलापूरचा विशीतला अर्शीन कुलकर्णी आहे, आणि त्यांच्यामागे तेविसाखालच्या संघात रांग आहे. जिथे घरात माणूस नाही तिथे बाहेरून आणणे आणि जिथे रांग लागली आहे तिथे आणणे, या दोन गोष्टींना एकाच ठरावात मंजुरी मिळू नये. शॉने दोन द्विशतके काढली तरी माझे हे मत बदलणार नाही, कारण माझा आक्षेप त्याच्या बॅटवर नाही.

उलट बाजूने एक मुद्दा जोरकस आहे आणि तो मी अनेक चांगल्या प्रशिक्षकांकडून ऐकत आलो. संघ बाद फेरीत गेला आणि जिंकत राहिला तर आणखी तीन सामने मिळतात, प्रत्येकी पाच दिवसांचे. पंधरा दिवसांचे क्रिकेट, टीव्हीवर दिसण्याची संधी, आयपीएलचे निवडकर्ते समोर. बाहेरच्या तिघांनी घरच्या तिघांच्या जागा घेतल्या, पण घरच्या आठांना हे पंधरा दिवस मिळवून दिले, तर नफा कोणाचा? हा युक्तिवाद खरा आहे. तो फक्त त्या आठांच्या बाजूने आहे, नवव्याच्या नाही. आणि नववा बहुतेक वेळा जिल्ह्यातला असतो, हे अनुभवाने सांगतो.

म्हणून पैशाचा प्रश्न पुण्यातल्या करारांपेक्षा जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर विचारायचा. खानदेशात काही उभे राहिले नाही असे नाही. जैन उद्योगसमूहाने जळगावात क्रीडा अकादमी चालवली, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, मुंबईच्या औद्योगिक स्पर्धांत संघ उतरवला. कॅरमपासून क्रिकेटपर्यंत अनेकांचे संसार त्यावर चालले. पण एका उद्योगाच्या सौजन्यावर तीन जिल्हे किती काळ राहणार? संघटनेने बाहेरच्या प्रत्येक करारासोबत तेवढाच खर्च एका दूरच्या जिल्ह्यातल्या टर्फ खेळपट्टीवर आणि वर्षभर राहणाऱ्या प्रशिक्षकावर करावा, आणि करार झालेल्या खेळाडूने हंगामाबाहेरचे काही आठवडे त्या जिल्ह्यात घालवावेत, हे करारातच लिहावे. सक्सेनाने मे महिन्यात जळगावला पंधरा दिवस फिरकी शिकवली तर त्याचे मानधन मला कधीच जास्त वाटणार नाही.

मार्च २०२५ मध्ये नागपूरला विदर्भाने तिसरा करंडक जिंकला तो सामना या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. समोर केरळ होते. विदर्भाकडून कर्नाटकचा करुण नायर ८६ आणि १३५ धावा काढत होता, म्हणजे बाहेरचा गडी होताच. पण पहिल्या डावात १५३ काढणारा दानिश मालेवार एकवीस वर्षांचा, नागपूरचा. त्या हंगामात सर्वाधिक ९६० धावा करणारा यश राठोड विदर्भाचा. आणि केरळकडून पहिल्या डावात ७९ धावा करून विदर्भाला सर्वांत जास्त झुंजवणाऱ्यांत होता आदित्य सरवटे, त्याच विदर्भाचा सहा वर्षांपूर्वीचा नायक, तेव्हा केरळचा प्रोफेशनल. सरवटे गेला म्हणून नागपुरात कोणी बाहेरचा डावखुरा शोधला नाही. हर्ष दुबे तयार होता. वय बावीस, त्या एका हंगामात ६९ बळी, रणजीच्या इतिहासात कोणीही एका हंगामात घेतले नव्हते इतके.